चमच्यावरची शीग

त्या सकाळी आत्याने ओव्हनचं दार असं काही आदळलं, की दात घासत असलेली भाची तोंडातल्या फेसासकट स्वयंपाकघरात धावली. ओट्यावर लिंबाचा केक होता. कडा उंच, मधोमध खळगा, उशीवर कुणीतरी डोकं ठेवून आत्ताच उठून गेल्यासारखा.

“परत बसला?” भाचीने फेसातून विचारलं.

“दिसत नाही का तुला?” आत्या खेकसली. “आधी तोंड धू जा.”

आत्या खेकसली म्हणून भाची बिचकली नाही. आत्याच्या नाकावर माशी बसलेली कुणी पाहिली नव्हती. पण आत्याने केकचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चघळला आणि गुपचूप बेसिनमध्ये थुंकला, तेव्हा मात्र भाची दात घासायची थांबली. आत्या स्वतःचा केक थुंकते म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आत्याने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, “ओव्हन एकदा तापला की त्याच्यासमोरून हलता येत नाही, तेवढ्यात स्थळं परत जायची.” खरं कारण काय ते तिलाच माहीत. पण इमारतीच्या तळमजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात काचेखाली रोज जो केक असे, तो वरून हिच्याच ओव्हनमधून जाई, आणि त्यावर तिचं घर चाले, तिचा तोरा चाले. भाचीला या गावातल्या रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली तेव्हा ती आत्याकडेच राहायला आली. येताना तिने एक सुटकेस आणली आणि न संपणारे प्रश्न आणले. लहानपणी घड्याळातला गजर रात्री कुठे झोपतो ते बघायला तिने घड्याळ उघडलं होतं. आत्या तिला चौकशीबाई म्हणायची, कधी लाडाने, कधी वैतागून.

दुपारी कॉफीवाली स्वतः जिना चढून आली. हातात दोन बशा, दोन्हींत अर्धवट खाल्लेला केक.

“मावशी, रागावू नका,” ती म्हणाली. “गिऱ्हाईकं टाकून जायला लागलीत. परवाचा बरा होता. कालचा असा तुरट, की एका आजोबांनी मला विचारलं, साबणाने धुतलात का म्हणून.”

“आजोबांना काय कळतंय?”

“मला तर कळतंय ना? मीही खाल्ला.” कॉफीवाली बशा ठेवून खुर्चीच्या काठावर टेकली. भल्या मनाची बाई होती, तिला हे बोलायचंच जिवावर आलं होतं. “या रविवारी दुकानाचा वाढदिवस आहे. पहिल्या दिवशी तुमचाच केक कापला होता, यंदाही तुमचाच हवा. पण जमणार नसेल तर आत्ताच सांगा हो. मी दुसरीकडे बघेन, मनात काही ठेवणार नाही.”

“जमेल,” आत्या म्हणाली.

कॉफीवाली गेल्यावर मात्र ती आपले दोन्ही तळवे पुढे धरून बघत बसली. चष्मा काढून ॲप्रनला पुसला, परत घातला, परत बघितलं.

“हात गेला माझा,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय आत्या!”

“आईचाही असाच गेला होता. एक दिवस पाव फुगेचना. मग तिने कणकेला हात लावला नाही.” आत्याचा आवाज साधा होता, आणि म्हणूनच भाचीला ऐकवेना. “रविवारचा जमला तर जमला. नाही जमला तर ओव्हन देऊन टाकते कुणाला तरी. बसलेले केक विकत फिरणारी म्हातारी नाही व्हायचं मला.”

आता बघा, दुसरी कुणी असती तर तिने आत्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. भाचीनेही फिरवला, नाही असं नाही. पण हात पाठीवर आणि डोकं भलतीकडेच. मैदा तोच, अंडीवाला तोच, ओव्हन तोच, चमचाही तोच. मग बदललं काय? हा किडा एकदा डोक्यात शिरला की तिला जेवण गोड लागत नसे.

तिचा पहिला संशय अर्थातच चमच्यावर. आत्याचा चमचा म्हणजे स्टीलचा, लांब दांड्याचा, जेवणाच्या चमच्याहून जरा लहान, टोकाशी पोचा आलेला. याच चमच्याने आत्या बेकिंग पावडर घाले, कोको घाले, दालचिनी घाले. माप एकच: एक चमचा, कडेच्या वर ढीग येईल अशी शीग लावून. ही शीग केवढी, तर आत्याला हवी तेवढी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “बघितलं की कळतं.”

संध्याकाळी भाची बाजारातून दोन वस्तू घेऊन आली. एक स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, चिमूटभर मीठ टाकलं तरी आकडा हलणारा. आणि मापाचे चमचे, पाव, अर्धा, एक असे, किल्ल्यांच्या जुडग्यासारखे एका कडीत ओवलेले.

आत्याने जुडगा दोन बोटांत उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. “हे काय?”

“प्रमाणाचे चमचे. वरून सुरीने सपाट करायचं, म्हणजे दर वेळी तेवढंच.”

“सपाट? माझ्या उभ्या जन्मात मी सपाट चमचा घातला नाही. कंजूष माणसं घालतात सपाट.”

“आत्या, घरातले चमचे सगळे वेगवेगळ्या आकाराचे असतात. आणि शीग म्हणजे तर...”

“चौकशीबाई, तुमच्या कारखान्यात डबे भरतात ना, तिथे शिकवा हे.” आणि जुडगा ड्रॉवरमध्ये गेला, ड्रॉवर खाड्कन बंद झाला.

भाची काही हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीतून थेट ओट्यावर आलेलं असताना, आत्याने बेकिंग पावडरचा चमचा भरला आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आत्या चमचा बशीत ओतून दाराकडे गेली. भाचीने ती पावडर चटकन काट्यावर ठेवली. सतरा ग्रॅम. पाठ करून घेतलं. कारखान्याच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी आत्या झोपेतून उठायच्या आत तिने स्वतः केक केला. सगळं वजनाने, रत्तीभर इकडचं तिकडे नाही. पावडर बरोब्बर सतरा ग्रॅम.

केक दिमाखात फुगला. मग ओव्हनच्या काचेमागे तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली बसला. चव म्हणाल तर आजोबांचा साबण.

आत्याने एक तुकडा खाल्ला, तोंड वेंगाडलं, आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली. “माझा चमचा वाईट. मग तुझ्या काट्याला काय धाड भरली?”

भाचीही हसली, पण आतून वरमली होती. हे तिला सुचायला हवं होतं. तिने एक चुकीचा चमचा पकडला होता आणि तो जिवाचा आटापिटा करून अगदी अचूक मोजला होता. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर तिने त्याची सालं काढली असती. एकदा मोजून कळतं काय? पुन्हा पुन्हा मोजायला हवं.

“आत्या, एक कर. तू नुसते चमचे भर, नेहमीसारखे. मी मोजते. केक नाही, काही नाही.”

“कशाला?”

“मला बघायचंय.”

“मोज बाई मोज. माझ्या हातात काय उरलंय ते एकदाचं कळू दे.”

उन्हात दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. आत्या डब्यात चमचा घाले, भरे, डोळ्यांसमोर धरे, अजून जरा घेई, आणि काट्यावरच्या वाटीत उलटा करे. बेकिंग पावडर: सतरा. मग बारा. मग एकोणीस. आत्याचा चेहरा पडत चालला. “बघ,” ती म्हणाली, “सांगितलं नव्हतं? गेला हात.”

“थांब, कोको घे.”

कोको आठ. परत आठ. परत आठ. भाचीने काटा बंद करून पुन्हा चालू केला. आठच. दालचिनीचंही तसंच, आकडा जागचा हलेना. कॉर्नफ्लॉवर घेतलं तर पुन्हा बोंब, कधी डोंगर, कधी टेकडी.

भाची ओट्याला टेकून उभीच राहिली. हात जर गेला होता, तर तो कोकोच्या डब्यात परत कसा येत होता?

“कोको तुझा लाडका असेल,” ती म्हणाली.

“मला कोको आवडतसुद्धा नाही,” आत्या म्हणाली. पण तिच्याही कपाळावर आता आठ्यांऐवजी जरा नवल होतं.

पुढच्या दिवशी आभाळ भरून आलं. स्वयंपाकघर करड्या उजेडाने भरलं. भाचीने पुन्हा काटा मांडला, आणि काय सांगावं, बेकिंग पावडर दहा. दहा. अकरा. दहा. शहाण्यासारखी.

“दमट हवा,” आत्या म्हणाली. “पावडर ओल धरते.”

“ओल धरली तर वजन वाढेल ना. हे तर कमी झालं.”

“मग ती शहाणी झाली असेल तुझ्याबरोबर राहून.” आत्या पुन्हा चष्मा पुसत होती. “या खिडकीच्या काचा पुसायला हव्यात. उन्हात नुसतं धुरकट होतं सगळं. आणि पेपरवाले हल्ली शाई किती फिकट वापरतात बघितलंस?”

भाचीने हे ऐकलं, पण कानामागे टाकलं. तिला बसची घाई होती.

दुपारी कारखान्यात ती पांढऱ्या रंगाचा नवा घाणा तपासत होती. पांढरा रंग खालचं किती झाकतो हे बघायला त्यांच्याकडे एक गुळगुळीत जाड कागद असे, अर्धा काळा, अर्धा पांढरा. त्यावर पट्टीने रंगाचा पातळ थर ओढायचा. काळ्या भागावर एकेक ओघळ, एकेक उणीव उठून दिसते. पांढऱ्या भागावर तोच थर असतो, पण काही म्हणजे काही दिसत नाही. रोजचं काम. आज मात्र पट्टी हातात धरून ती तशीच थांबली. पांढऱ्यावर पांढरं. पांढरी पावडर, पांढरी वाटी, पांढऱ्या फरशीचा ओटा, त्यावर चकाकणारं ऊन. आणि कोको तपकिरी, दालचिनी तपकिरी.

तिने पट्टी तशीच खाली ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, “काय झालं गं?” तर ती म्हणाली, “माझ्या आत्याला दिसत नाहीये.” आणि मोठ्याने म्हटल्यावर तिला रडूच यायला लागलं, कारण सकाळीच आत्याने तिला हे तीन तऱ्हांनी सांगितलं होतं आणि चौकशीबाईने चौकशी केली नव्हती.

सकाळ व्हायची, ऊन ओट्यावर यायची तिने कशीबशी वाट पाहिली. मग कारखान्यातून आणलेला तसलाच अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद ओट्यावर उभा केला, भिंतीला टेकवून, पांढरी बाजू आत्यासमोर.

“आता हे काय सोंग?”

“आत्या, शेवटचं. याच्यासमोर चमचा धरून भर.”

आत्याने भरला. डोळे बारीक केले, अजून घेतलं, अजून घेतलं. पावडर कडेवरून सांडली तरी तिचं समाधान होईना. अठरा. भाचीने कागद सरकवला. आता चमच्यामागे काळी बाजू होती.

आत्याने चमचा डब्यातून वर आणला आणि तिचा हात हवेतच थबकला.

“अगं बाई,” ती म्हणाली.

काळ्यावर ती शीग लख्ख दिसत होती, दांड्यापासून पोच्यापर्यंत. आत्याने चमचा डब्याच्या कडेवर हलकेच आपटला, जास्तीची पावडर पाडली, आणि वाटीत उलटा केला. दहा. पुन्हा भरला. दहा.

 मग तिने स्वतःच कागद पांढऱ्या बाजूला सरकवला, चमचा त्याच्यासमोर धरला, चष्मा काढला, घातला, मान वाकडी करून बघितलं. आणि भाचीकडे वळली.

“मला शीग दिसतच नव्हती,” ती म्हणाली. “मी दिसेपर्यंत भरत होते. एवढी पावडर पडल्यावर केक बसणारच.”

“हो आत्या.”

“डोळे आहेत हे.”

“हो. मोतीबिंदू असेल बहुतेक. उन्हात जास्त त्रास होतो म्हणे त्याचा. डॉक्टरांकडे जाऊ या, आजच जाऊ. ऑपरेशन करतात, सगळ्यांचं करतात, घाबरू नको...”

पण आत्या घाबरली नव्हती. भाचीने धीर देण्यासाठी तयार केलेली सगळी वाक्यं वायाच गेली. आत्याने आपले दोन्ही तळवे पुढे धरले होते, त्या दिवसासारखेच, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

“म्हणजे हात गेला नाही माझा?”

“नाही गं आत्या. हात आहे.”

“हात आहे,” आत्या म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसून ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. तेवढ्यात तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलं असावं, कारण ॲप्रनमधूनच ती म्हणाली, “आईचे पण डोळेच असतील का गं?”

भाचीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि या वेळी डोकंही भलतीकडे नव्हतं. 

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, एक जास्त पिकलेला, आणि त्याच्या ऑपरेशनला पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. रविवार मात्र त्याआधी होता. आणि नशीब बघा, रविवारी ऊन असं पडलं की ओट्याकडे बघवेना.

“काळा कागद लाव,” आत्या म्हणाली.

“लावते. पण आत्या, त्याहून सोपं आहे एक.” भाचीने ड्रॉवर उघडला आणि तो जुडगा बाहेर काढला. “ढगाळ दिवशी तुझा चमचा दहा ग्रॅम भरत होता. म्हणजे यातल्या ‘एक’च्या मापाने अडीच चमचे, सपाट. डोळे मिट.”

“वेडी आहेस का?”

“मिट तर.”

आत्याने डोळे मिटले, मुख्यतः कटकट मिटावी म्हणून. भाचीने तिच्या उजव्या हातात मापाचा चमचा दिला, डाव्या हातात सुरी. आत्याने डब्यात चमचा खुपसला, वर काढला, सुरीची पाठ त्याच्या कडेवरून ओढली. मग तिचं बोट आपणहून त्या कडेवर गेलं. गोल, सरळ कड आणि तिच्या पातळीत दाबून बसलेली पावडर. कुठे उंच नाही, कुठे खोल नाही. तिने बोट पुन्हा फिरवलं. शीग बघावी लागते. हे बोटाला कळत होतं.

“हे तर आंधळ्यालाही जमेल,” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून तिने जीभ चावली. मग डोळे न उघडता म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तू म्हणालीस कंजूष माणसं घालतात सपाट.”

“ते आहेच,” आत्या म्हणाली, आणि दुसरा चमचा भरला.

केक फुगला आणि फुगलेलाच राहिला. वरचा भाग मधोमध किंचित तडकला, तसा तो चांगल्या दिवसांत तडकत असे. दोघी ट्रे धरून जिना उतरल्या, भाची पुढे, आत्या मागे, एकेक पायरी पायाने चाचपत. ही चाचपणी भाचीला आज पहिल्यांदा दिसली आणि तिने चाल मंद केली. कॉफीवालीने पाहुण्यांच्या आधी स्वतःच एक तुकडा मोडला, चघळला, आणि थेट आत्याच्या गळ्यात पडली. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आजोबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

“पुढच्या आठवड्यात केक मिळणार नाही,” आत्याने ऐटीत जाहीर केलं. “मी डोळा करून घेतेय.”

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि दुसऱ्याच सकाळी आत्या स्वयंपाकघरात आली. वाकायचं नाही, ओव्हन लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. बघायचं नाही अशी नव्हती. तिने आधी ओट्याकडे पाहिलं आणि किंचाळली. “हा ओटा एवढा कळकट आहे? आणि या फटी! तू इथे राहतेस आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?” मग खिडकी बघितली, मग भाचीला बघितलं. “तू किती वाळलीयेस गं,” म्हणाली, जवळ येऊन, हनुवटी धरून.

बेकिंग पावडरचा डबा उघडला तेव्हा मात्र तिचा आवाज खाली आला. “निळसर आहे,” ती म्हणाली. “जरा निळसर पांढरी असते ही. मी विसरलेच होते.”

भाचीने काटा चालू केला. आत्याने तो जुना, पोच्याचा चमचा काढला, पण स्वतः भरला नाही. दांड्याकडून भाचीपुढे धरला.

“तू भर. शीग लावून.”

भाचीने आयुष्यात कधी न मोजता काही भरलं नव्हतं. तिने चमचा डब्यात घातला, वर काढला, जरा अजून घेतलं. पांढऱ्या ओट्यावर, भर उन्हात, आत्याने चमच्याकडे नुसतं एकदा पाहिलं.

“जास्त झालं. काढ थोडं.”

“कशावरून?” भाचीने सवयीने विचारलं, आणि काट्याकडे वळली.

“कशावरून काय विचारतेस चौकशीबाई,” आत्या म्हणाली. “दिसतंय की मला.”